एका थेंबाला एक वीत

आमच्या मळेपुरात रेंदाळकरांच्या चांदीच्या गुलाबदाणीतलं पाणी अंगावर पडलं की माणूस जमिनीवरून वर उचलला जातो. एका थेंबाला एक वीत, असं प्रमाण आहे. पाऊण तास झाला की तो खाली येतो आणि जेवायला बसतो.

पाणी साधंच असतं, बाजारपेठेतल्या दुकानातलं गुलाबपाणी. तेच पाणी दुसऱ्या गुलाबदाणीतून शिंपडलं तर नुसता सदरा ओला होतो. ही गुलाबदाणी दिसायलाही काही विशेष नाही. बुड गोल, मान बारीक आणि लांब, वर कमळाच्या कळीसारखं टोक आणि त्या टोकाला पाच छिद्रं. पायाशी कधीकाळी डाग दिलेला आहे, त्यामुळे ठेवली की किंचित डावीकडे कलते. गावातल्या प्रत्येक लग्नात अक्षता पडल्या की ती बाहेर येते. पाच छिद्रं, तीन झटके, म्हणजे पाहुण्याला पंधरा थेंब. वरपक्षाला मानाचा एक थेंब जास्त, कारण वरपक्ष वधूपक्षाच्या निदान एक वीत वर असावा लागतो. नवरा-नवरीला एकवीस. मंगल कार्यालयाच्या अंगणात म्हणूनच मांडव घालत नाहीत. फरशीत लोखंडी कड्या बसवल्या आहेत आणि प्रत्येकाच्या कमरेची सुतळी आपापल्या कडीला बांधलेली असते. चपला खाली राहतात. त्या चोरीला गेल्याचं कधी ऐकलं नाही, कारण चोरणारेही वरच असतात.

वर गेल्यावर माणसं जरा हलकी वागतात. गेल्या वर्षी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी दोन कोलांट्या मारल्या आणि तिसरी मारू का, म्हणून शिपायाला विचारलं. वाटणीवरून नऊ वर्षं न बोलणारे दोन भाऊ एकमेकांच्या टोप्या घालून हिंडत होते. खाली आल्यावर त्यांनी टोप्या परत केल्या आणि बोलणं पुन्हा बंद केलं. याबद्दल कोणी कोणाला चिडवत नाही. वरचं ते वर.

शिंपडायचं काम चंपूताई रेंदाळकरांचं. वय अठ्ठावन्न, अंगकाठी लहान, मनगट असं की झटक्याला थेंब कधी चुकला नाही. आईने गुलाबदाणी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि तेव्हाच एक नियम सांगितला होता, की शिंपडणाऱ्याने खालीच राहायचं. गाठी बघायला, सुतळ्या ओढायला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उतरवून घ्यायला कोणीतरी जमिनीवर हवं. चंपूताईंच्या लग्नाचं त्या काळात दोन-तीनदा निघालं होतं. पण त्यांच्या लग्नात शिंपडणार कोण, हा प्रश्न काही सुटला नाही, म्हणून लग्नही झालं नाही. छत्तीस वर्षं त्या गावाचे तळवे बघत आल्या. गावातल्या माणसांना त्या चेहऱ्यापेक्षा तळव्यांवरून लवकर ओळखायच्या. कोणाच्या टाचा फुटल्यात, कोणाला कुरूप झालंय, हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी कोकमाचं तेल पाठवायच्या.

या गुलाबदाणीविरुद्ध पहिली लेखी तक्रार गेल्या मार्गशीर्षात झाली.

तक्रारदार बाबूराव शेडबाळे. त्यांचं घर मंगल कार्यालयाला लागून आहे. किराणा दुकानदाराच्या मुलाच्या लग्नात कड्या कमी पडल्या म्हणून एका दोरीला बांधलेले बारा पाहुणे गाठ सुटून भिंतीवरून वाहत गेले आणि बाबूरावांच्या गच्चीवर रेंगाळले. तिथे बाबूरावांच्या बायकोने, शांतक्काने, सांडगे वाळत घातले होते. पाहुण्यांनी ते खाल्ले. नुसते खाल्ले नाहीत, मीठ कमी आहे असंही म्हणाले. बाबूरावांनी नगरपरिषदेला तीन प्रतींत अर्ज दिला, की माझ्या मालकीच्या जागेच्या वरच्या हवेत विनापरवाना अतिक्रमण झालं आहे, सबब सदर गुलाबदाणी जप्त करावी.

अडचण एवढीच होती, की त्यांच्याच मुलीचं, पद्मजाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि त्यासाठी गुलाबदाणी हवी म्हणून चंपूताईंकडे ते स्वतः नारळ ठेवून आले होते. चंपूताईंनी विचारलं, की मग तक्रार मागे घेणार का. बाबूराव म्हणाले, तक्रार तक्रारीच्या जागी, लग्न लग्नाच्या जागी.

मुख्याधिकारीबाईंनी अर्ज वाचला आणि योग्य तोच शेरा मारला: मोजणी व्हावी. पाहुणे शेडबाळ्यांच्या हद्दीत शिरत असल्याचं सिद्ध झालं तर गुलाबदाणी सील करून नगरपरिषदेच्या गोदामात, जप्त हातगाड्यांच्या शेजारी, ठेवण्यात येईल. मोजणी पद्मजाच्या लग्नातच करावी, म्हणजे वेगळा खर्च पडणार नाही.

हे ऐकून गावाचं धाबं दणाणलं. पुढच्या दोन महिन्यांत चौदा लग्नं ठरलेली होती. त्यांतल्या एका नवऱ्यामुलाने तर स्पष्ट सांगितलं, की जमिनीवर उभं राहून करायचं असेल तर मी आधी विचार करीन.

मोजणीसाठी दिगंबर उपळेकर आले. मोजणी कारकून, सत्तावन्न वर्षांचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि उभ्या नोकरीत त्यांनी कोणाच्याही बांधावर चहा घेतला नव्हता, कारण चहा घेतला की बांध सरकतो असं त्यांचं मत होतं. ते लग्नाच्या आदल्या दिवशी चंपूताईंकडे आले आणि पाणीसुद्धा नको म्हणून ओसरीवर बसले. त्यांच्याकडे छापील तक्ता होता. गुलाबदाणीची उंची, छिद्रं, थेंब, प्रतिथेंब उंची, हे सगळं त्यांनी भरून घेतलं. मग शेवटच्या रकान्याशी थांबले.

"धारण करणाऱ्याने स्वतः गाठलेली कमाल उंची?"

चंपूताई म्हणाल्या, "नाही गेले कधी."

"कधीच?"

"खाली कोणीतरी लागतं ना."

उपळेकरांनी पेन्सिल खाली ठेवली. असा रकाना मोकळा ठेवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. शून्य लिहावं तर शून्य ही मोजलेली उंची होते, आणि ती मोजायची तर निदान जायची संधी मिळालेली असायला हवी. निघताना म्हणाले, की तुम्हाला उद्या वर जावं लागेल, कामाचा भाग म्हणून. चंपूताईंनी ते कसं शक्य नाही हे पुन्हा समजावलं. पण उपळेकर गेल्यावर त्यांनी सुईदोरा काढला आणि लग्नाच्या साडीच्या फॉलची सुटलेली शिवण घातली. खालून बघणाऱ्यांना काय काय दिसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

लग्न वेळेवर लागलं. नवरा श्रेणिक बाहेरगावचा होता, त्यामुळे वरपक्षाला सगळं आधी समजावून सांगितलेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की मानाचा थेंब नक्की मिळतो ना. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि चंपूताई रांगेने शिंपडत गेल्या. दोनशे दहा माणसं एकामागून एक वर गेली. पद्मजा आणि श्रेणिक सगळ्यांच्या वर, एकवीस विती. श्रेणिकला पहिल्यांदाच हे घडत होतं. तो आधी घाबरून पद्मजाच्या शालूला धरून राहिला, मग त्याने एक पाय सोडला, मग दुसरा, आणि दोन मिनिटांत तो वाजंत्रीवाल्यांना नवीन गाणं सांगत होता. बाबूरावही वर गेले. ते आपल्या गच्चीच्या कठड्याशी जाऊन हद्दीवर उभे राहिले, म्हणजे तरंगत राहिले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने मागे सारू लागले.

खाली आचारी सोडले तर तिघंच उरली. चंपूताई, टेप घेतलेले उपळेकर आणि शांतक्का. शांतक्का पदर खोचून आचाऱ्यांकडे बघत होत्या. त्यांनी वर जायला नकार दिला होता, कारण जिलेबीचा पाक एकदा बिघडला की बिघडला. उपळेकरांनी चंपूताईंना तक्ता दाखवला. चंपूताईंनी वरच्या दोनशे दहा जोडी तळव्यांकडे बोट केलं. तेवढ्यात शांतक्का हात पुसत पुढे आल्या. त्यांनी काय चाललंय ते ऐकून घेतलं आणि कड्यांकडे, सुतळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"मी आहे खाली," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही. पाकाचं बघते आणि पाव्हण्यांचंही बघते."

छत्तीस वर्षांत चंपूताईंना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी गुलाबदाणी उपळेकरांच्या हातात दिली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

उपळेकरांनी जन्मात गुलाबदाणी धरली नव्हती. त्यांनी ती शाईच्या पेनासारखी झटकली. दोनशे दहा जणांनंतर छिद्रांत काहीतरी अडकलं असावं, थेंब पडेना. छिद्रं पाहायला म्हणून त्यांनी टोक फिरवलं. ते पेचाचं होतं. टोक हातात आलं आणि चंपूताईंनी नुकतीच काठोकाठ भरलेली गुलाबदाणी दोघांवर मिळून रिकामी झाली.

किती थेंब, हे उपळेकरांनी नंतर त्याच मापाच्या पाण्याने ताडून पाहिलं. चंपूताईंवर अकराशे चाळीस आणि त्यांच्यावर अकराशे चौतीस.

शांतक्कांनी पुढे सांगितलं, की दोघं गेली ती अशी गेली की सुतळी बांधायला सवडच मिळाली नाही. चंपूताई वरपक्षामधून वर गेल्या, नवरा-नवरीच्या मधून वर गेल्या, पद्मजाने वाकून नमस्कार केला तोपर्यंत त्या तिच्याही पलीकडे होत्या. उपळेकरांच्या हातात टेपचं एक टोक होतं आणि जाता जाता चंपूताईंनी दुसरं धरलं होतं. त्या त्यांच्यापेक्षा साडेचार फूट वर, आणि मध्ये ताठ टेप. आठशे पंचावन्न फुटांवर गेल्यावर ती दोघं थांबली.

चंपूताईंनी डोळे उघडले ते तिथे. खाली मंगल कार्यालयाचं अंगण वाटीएवढं दिसत होतं आणि त्यात साबुदाण्यासारखे ठिपके हलत होते. त्यांनी निरखून पाहिलं. ती डोकी होती. आयुष्यभर गाव खालून पाहिलेलं, त्यामुळे वरून त्यांना एकही माणूस ओळखू येईना. मुख्याध्यापक कोणते, वाणी कोणते, काही पत्ता लागेना. याचं त्यांना इतकं हसू आलं की थांबेना. हसता हसता त्या आडव्या झाल्या, पुन्हा उभ्या झाल्या, टेपला हिसके बसू लागले. ते हसू खाली ऐकू आलं. वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढून वर पाहिलं, असं सांगतात.

उपळेकर मात्र कामात होते. मळेपूर पूर्ण असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते गट क्रमांकांत, तुकड्यातुकड्यांनी. आता सगळा नकाशा एकत्र पसरला होता, आणि त्या नकाशात बाबूराव शेडबाळ्यांची गच्ची मंगल कार्यालयाच्या भिंतीवरून पुढे आलेली स्पष्ट दिसत होती. त्यांनी एक डोळा मिटून अंगठा धरला. चौदा इंच. ते पेन्सिल काढू लागले.

"लिहा मग," वरून चंपूताई म्हणाल्या. "आधी मला सांगा, इथे करायचं काय असतं?"

"म्हणजे?"

"लोक वर येऊन काय करतात? खालून तर सगळे फार कामात असल्यासारखे दिसतात."

उपळेकरांनी विचार केला. त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, की बहुतेक कोलांट्या मारतात. चंपूताईंनी साडीच्या निऱ्या पायांत घट्ट धरल्या आणि एक मारली. मग त्यांनी टेप हलवून उपळेकरांना इशारा केला. उपळेकरांनी चष्मा खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं, तक्ता सदऱ्यात खोचला आणि दोन मारल्या. दुसरीच्या मध्यावर, उलटे असताना, त्यांनी आपल्या बायकोबद्दल सांगायला सुरुवात केली. तिला उंच पाळण्यात बसायचं होतं, आणि हे दरवर्षी जत्रेत पाळण्याचा घेर मोजत खाली उभे राहायचे. चंपूताईंनी सगळं ऐकून घेतलं. सुलटे झाल्यावर उपळेकर म्हणाले, की भूक लागली आहे. एक घार त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून, ओळख नसल्यामुळे, निघून गेली.

वारा पश्चिमेकडून होता. मळेपूर हळूहळू मागे पडलं, नदी आली, नदी गेली. उपळेकरांनी घड्याळ पाहिलं. पाऊण तास हा ठरलेला आहे, मग उंची कितीही असो. शेवटची दहा मिनिटं उतरायची धरली तर मिनिटाला साडेपंच्याऐंशी फूट पडत होते. हे त्यांनी चंपूताईंना सांगितलं. चंपूताईंनी पदर खोचला.

ती दोघं खडकोळीच्या आठवडी बाजारात उतरली. उपळेकर कांद्याच्या पोत्यावर, आणि चंपूताई एका भाजीवाल्या मावशीच्या पुढ्यात, मेथीच्या ढिगावर. खडकोळीत मळेपूरची पद्धत नाही. मावशीने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि पदराची मेथी झटकली.

"कुठनं आलासा?"

"मळेपूरहून."

"यष्टी चुकली व्हय?"

"हो," चंपूताई म्हणाल्या.

मावशीने तांब्याभर पाणी दिलं. मग किटलीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले. उपळेकरांनी कप हातात घेतला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि ते चहा प्यायले.

पाच वाजताच्या एस.टी.ने ती परत आली. दोघांच्या पायात चपला नव्हत्या, कंडक्टरने त्याबद्दल विचारलं नाही. वाटेत उपळेकरांनी गुडघ्यावर तक्ता ठेवून अहवाल लिहिला. गाडीच्या धक्क्यांनी अक्षर बिघडत होतं म्हणून चंपूताईंनी कागद धरला.

मंगल कार्यालयात सगळे केव्हाच उतरले होते. शांतक्कांनी एकटीने दोनशे दहा माणसं खाली घेतली होती आणि एकाचाही पाय मुरगळला नव्हता. पाकही बिघडला नव्हता. पंगती मात्र बसल्या नव्हत्या, कारण चंपूताईंवाचून बसायचं नाही असं पद्मजाने सांगितलं होतं आणि वरपक्षानेही, ज्या बाई आपल्याहून आठशे फूट वर गेल्या त्यांचा मान आधी, हे मान्य केलं होतं.

जिलेबी वाढून झाल्यावर बाबूरावांनी अहवालाचं विचारलं. उपळेकरांनी तो उभं राहून वाचला. पाहुणे भिंतीपलीकडे गेले हे खरं आहे. परंतु भिंतीपलीकडची पहिली चौदा इंच जागा मंगल कार्यालयाचीच असून तिच्यावर शेडबाळे यांची गच्ची आलेली आहे. सांडगे त्याच चौदा इंचांत वाळत होते. सबब पाहुण्यांनी अतिक्रमण केलेलं नसून सांडग्यांनी केलेलं आहे.

बाबूरावांनी हातातली जिलेबी ताटात ठेवली. मग त्यांनी विचारलं, की हे वरून नीट दिसलं का. नीट दिसलं, असं उपळेकर म्हणाले, आणि हवं तर आपण स्वतः जाऊन खात्री करू शकता. बाबूरावांनी नको म्हटलं आणि तक्रार मागे घेतली. मंगल कार्यालयाच्या विश्वस्तांनी गच्चीचे चौदा इंच तसेच राहू द्यायचं ठरवलं. अट इतकीच, की पाहुणे आले तर त्यांना मिठाचं बोलू द्यावं.

अहवाल जिल्ह्याला गेला तो एकदा परत आला. 'धारण करणाऱ्याने गाठलेली कमाल उंची' या रकान्यात ८५५ लिहिलं होतं, त्यावर वरिष्ठांनी शेरा मारला होता: फूट की मीटर, खुलासा करावा. उपळेकरांनी खुलासा केला: फूट. विती ११४०. फाइल बंद झाली.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शांतक्का चंपूताईंच्या ओसरीवर येऊन बसल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी तो झटका शिकवाल का, असं विचारलं. खाली राहायला मला आवडलं, त्या म्हणाल्या. एवढी माणसं आपल्या हातात असतात आणि एकही उलटून बोलत नाही. चंपूताईंनी साध्या पाण्यावर त्यांच्याकडून महिनाभर सराव करून घेतला. आता चौदातली नऊ लग्नं शांतक्कांनी केली आहेत. फक्त वरपक्षाला त्या मानाचा थेंब द्यायला विसरतात, आणि आठवण केली तरी विसरतात.

चंपूताई आता लग्नांत पाहुण्यांबरोबर वर असतात. शिवाय दर गुरुवारी संध्याकाळी त्या आणि उपळेकर साठ-साठ थेंबांवर फिरायला जातात. टेप नेतात, पण मोजत नाहीत. वारा पश्चिमेचा असला की खडकोळीला उतरावं लागतं, आणि मावशीला आधी निरोप नसतो तरी मेथी बाजूला केलेली असते. येण्याची सोय व्हावी म्हणून उपळेकरांनी एस.टी.च्या पासासाठी अर्ज केला. आगारातल्या साहेबांनी दोघांना समोर बसवून विचारलं, की जाण्याचा प्रवास कशाने होतो. उपळेकरांनी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, नियमांचं पुस्तक चाळलं आणि दोघांच्या पासांवर लाल शाईने लिहिलं: फक्त येण्याचा.